क्रोम काढल्यानं मराठी नीट दिसणार नाही

मराठी वाचणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘क्रोम मराठी अक्षरं तोडतो, ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतो, ॲच्या जागी चौकोन टाकतो. म्हणून फायरफॉक्स घ्या, आणि आयफोनवर असाल तर तिथेही ब्राउझर बदला.’ तक्रारी खऱ्या आहेत, पण खापर भलत्याच्याच माथ्यावर फुटतंय. त्यामुळे ज्यांनी दुरुस्ती करायची, त्यांच्यापर्यंत तक्रार पोचतच नाही.

आधी ‘अक्षरं तोडतो’ हा आरोप घेऊ. क, हलन्त आणि ष यांचा क्ष करणं, रफार योग्य जागी चढवणं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणं ही कामं क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही हार्फबझ या एकाच प्रणालीकडून करून घेतात. एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा हे क्रोमच्याच क्रोमियम पायावर उभे आहेत. फॉन्ट तोच असेल तर यांच्यातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये जोडाक्षरं सारखीच जुळतात. मग शीर्षकांच्या शिरोरेषेत फटी का दिसतात? कारण इंग्रजी शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून डिझायनरनं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी आणि रूप ठरवणाऱ्या नियमांमध्ये, अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं आणि तोच नियम मराठीलाही लागू होतो. ब्राउझर बदलला तरी त्या फटी तशाच राहतात.

कधी कधी तर मजकूरच बिघडलेला असतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र लिहायची एक जुनी पद्धत अशी, की र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. काही संकेतस्थळांच्या संपादन-प्रणाल्या हा जोडक कचरा समजून काढून टाकतात. मग सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. जी खूण मजकुरात उरलीच नाही, ती फायरफॉक्स तरी कुठून आणणार?

ल आणि श यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हाच वापरायचा, असं राज्य शासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये शासननिर्णय काढून सांगितलं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात मात्र मराठी ल आणि हिंदी ल यांना वेगवेगळे क्रमांक नाहीत. कोणतं वळण दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्टला भाषा कळते ती पानाच्या कोडमधल्या भाषेच्या खुणेवरून. तिथे मराठीसाठी ‘एमआर’ लिहिलेलं असेल आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं भरलेली असतील, तर क्रोमही पाकळीचा ल दाखवतो. पण कित्येक मराठी पानांवर साच्यातून आलेला इंग्रजीचा किंवा हिंदीचा कोड तसाच राहिलेला असतो. दोन अक्षरं बदलायचं काम, तेही वर्षानुवर्षं पडून राहतं! आपली मुलं शाळेत एक श गिरवतात आणि पडद्यावर दुसराच वाचतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौकोनाचं कारण त्यामानानं सोपं आहे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टांमध्ये ते असणार कसं? काही जण अजूनही अ लिहून त्यावर वेगळा चंद्र चढवतात. तिथे क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटू शकतं.

आयफोनचा सल्ला तर अगदीच निरुपयोगी. भारतात आयफोनवरचे क्रोम आणि फायरफॉक्स ॲपलच्या नियमामुळे सफारीच्याच वेबकिटवर, म्हणजे पान पडद्यावर मांडणाऱ्या इंजिनावर चालतात. तिथे ब्राउझर बदलून अक्षरं बदलत नाहीत.

हा समज मुळात आला कुठून, तेही सांगायला हवं. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळांवर ‘डायनॅमिक फॉन्ट’, म्हणजे पानाबरोबरच आपोआप उतरणारे फॉन्ट असायचे. त्यातला मायक्रोसॉफ्टचा प्रकार फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायचा, दुसरीकडे नुसती अगम्य चिन्हं दिसायची. त्या काळी ब्राउझर बदला हे सांगणं योग्यच होतं. आजही थोडा फरक आहे: विंडोजवर क्रोममधली अक्षरं बरीच वर्षं फिकट वाटायची, २०२५ मध्ये १३२ व्या आवृत्तीपासून त्यात सुधारणा झाली. शिवाय पानानं देवनागरी फॉन्ट सांगितलाच नसेल, तर प्रत्येक ब्राउझर संगणकातला आपल्या पसंतीचा फॉन्ट उचलतो: कुठे मंगल, कुठे निर्मला. दोन ब्राउझरांत एकच पान वेगळं दिसतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. फायरफॉक्सच्या प्रगत फॉन्ट सेटिंगमध्ये देवनागरीसाठी आपल्या आवडीचा फॉन्ट निवडता येतो, ही त्याची खरी जमेची बाजू.

तेव्हा बिघडलेलं अक्षर दिसलं की संगणकावर त्याच्यावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. फायरफॉक्समध्ये ‘फॉन्ट्स’ या भागात आणि क्रोममध्ये ‘कम्प्युटेड’च्या तळाशी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचं नाव असतं. पानाच्या कोडच्या अगदी सुरुवातीला भाषेची खूणही दिसेल. या दोन गोष्टी स्क्रीनशॉटसह त्या संकेतस्थळाच्या संपादकांना पाठवा.