ढोली रोपाला येत नाही

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवरचा रस्ता रुंद करायचं चाललंय. वाटेत पाच आंबे येतात, आजोबांच्याही आधीचे. परवा फोनवर दादा म्हणाला, "झाडं गेली तर शंभर रोपं लावू. पाखरांसाठी तुमच्या अमेरिकेतल्यासारख्या लाकडी पेट्या टांगू. तू फक्त मापं पाठव."

मापं मला तोंडपाठ आहेत. तरी पाठवली नाहीत.

इथे न्यू जर्सीत घराजवळच्या दलदलीत सहा हिवाळे मी या पेट्या साफ करतोय. त्या वुड डक या बदकासाठी. ते ढोलीत अंडी घालतं, पण सुतार पक्ष्यासारखी ढोली कोरणं त्याच्या चोचीला जमत नाही. मोठी झाडं तुटली, शिकार बेसुमार झाली आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे बदक दिसेनासं होत चाललं होतं. १९१८ मध्ये त्याची शिकार बंद झाली, ती थेट १९४१ मध्ये मर्यादित प्रमाणात सुरू झाली. पेट्या आल्या १९३० च्या दशकात. त्यांनी हातभार लावला हे खरंच. पण जंगल पुन्हा वाढलं, बीव्हर परतले, त्यांच्या बांधांमुळे पाणथळी झाल्या, हेही तितकंच खरं. आजसुद्धा बहुतेक माद्या झाडाच्या ढोलीतच बसतात.

गेल्या फेब्रुवारीत एका पेटीचं झाकण उघडलं. रंध्याच्या छिलक्यांवर मऊ पिसांचा थर, आणि खाली २७ अंडी, दगडासारखी गार. एक मादी साधारण दहा-बारा घालते. म्हणजे दोन-तीन जणींनी घातली आणि कुणीच उबवली नाहीत. ती पेटी उघड्या पाण्यावर इतर चार पेट्यांच्या रांगेत होती. कोण कुठे शिरतंय हे सगळ्यांना दिसतं, मग एकीच्या मागून दुसरी तिथेच अंडी टाकते. ब्रॅड सेमेल आणि पॉल शर्मन या संशोधकांनी इलिनॉयमध्ये हेच दाखवलं: पेट्या दाटीनं, नजरेसमोर लावल्या की अंडी वाढतात, पिल्लं नाही. ढोल्या जंगलात विखुरलेल्या आणि आडोशाला असतात. आम्ही मग त्या पेट्या झाडीत लांब लांब हलवल्या. शिवाय अंडी खाणारा रकून चढू नये म्हणून खांबाला पत्र्याचा शंकू, आतून पिल्लांना चढायला जाळी, दरवर्षी नवे छिलके. एक वर्ष चुकलं की पेटी सापळा होते.

आपल्याकडे २०२१ पासून शहरांसाठी नियम आहे: पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष, तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं. चर्चा सगळी आकड्यांची. २०१९ ची ३३ कोटी झाडं लावायची मोहीमही आकड्यांचीच. शंभर रोपांत ढोल्या किती? शून्य, आणि पुढची कित्येक दशकं शून्यच. फांदी मोडावी, लाकूड आतून कुजावं, तेव्हा कुठे आपल्या तलावावरच्या काणूक बदकाला आत शिरता येतं.

दादाला मी एवढंच सांगितलं: रस्त्याची सभा पावसाळ्यानंतर ठेव. जून-जुलैत सकाळी पाळीवर जाऊन बस. ते इवलंसं पांढरं बदक पाण्यावरून उठून कोणत्या आंब्यात शिरतं ते बघ, आणि त्या झाडाचा फोटो तू मला पाठव.