कॅल्क्युलेटरशी तुलना आणि आठवीतली ती वही

नमस्कार दादा, पोरांच्या एआय कॉपीबद्दल मी लिहिलं होतं त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'कॅल्क्युलेटर आला तेव्हाही मास्तर लोक असेच ओरडत होते, एआयची कॉपी पकडायला सॉफ्टवेअर आहेत ती लावा आणि रडगाणं बंद करा' असं तुम्ही लिहिलंय. बंदीचा उपयोग नाही हे मान्यच, न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारी 2023 मधे चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी उठवली. पण पकडायच्या सॉफ्टवेअरवर तुमच्याएवढा भरवसा नाहीये माझा, हात पोळलाय.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीचा आजीवरचा इंग्रजी निबंध मी असल्याच एका फुकट साइटवर टाकला, तर लाल अक्षरात आलं, मशीनने लिहिलाय. भर वर्गात विचारलं तिला (चुकलंच माझं), ती नुसती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी कच्ची वही घेऊन आली, तीन पानं खाडाखोड, ग्रँडमदरचं स्पेलिंग दोनदा चुकलेलं आणि कडेला आईने पेन्सिलीने दुरुस्त केलेलं. निबंधाच्या पुस्तकातली ठरलेली वाक्यं पाठ करून पेरायची हे आम्हीच शिकवलं ना, मग ते मशीनसारखं वाटणारच की!

नंतर वाचलं तेव्हा कळलं, 2023 मधे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी टोफेलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची इंग्रजीची परीक्षा) 91 निबंध अशा सात पकडणाऱ्या सॉफ्टवेअरना, म्हणजे डिटेक्टरांना दिले, माणसांनीच लिहिलेले, तरी सरासरी निम्म्याहून जास्त मशीनचे ठरले, कारण शिकलेली इंग्रजी, शब्द मोजकेच. अमेरिकेतल्या आठवीच्या पोरांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत बंद केला, अचूक नाही म्हणून.

आणि कॅल्क्युलेटरचं म्हणाल तर त्याला पोराचं नाव कळत नव्हतं हो. मी टाकलेल्या त्या निबंधावर तिचं नाव, तुकडी, हजेरी नंबर सगळं होतं, शिवाय आत आजीचं आजारपण. आपला 2023 चा डेटा कायदा 18 च्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, मी कुणाला विचारलं होतं? पोरांनी कॉपी केली की नाही यावर आपण एवढं भांडतो, इथे न विचारता वापर मास्तरानेच केला होता.

आता निबंध वर्गातच लिहून घेतो, 35 मिनिटांच्या तासात अर्धेच होतात, होऊ देत. ती मुलगी नववीत गेली. हल्ली तिच्या निबंधात एखादं सोपं स्पेलिंग हमखास चुकलेलं असतं, मुद्दाम चुकवते की काय असं वाटतं, पण विचारायचा धीर होत नाही.