'टर्म' म्हणजे पाच वर्षे नव्हेत

निवडणुकांची चाहूल लागली की मराठवाड्यातल्या मोबाइलांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. 'टर्म' या इंग्रजी शब्दाचा अर्थच पाच वर्षे असा आहे, म्हणून दोन टर्म पदावर राहिलेल्या माणसाने दहा वर्षे कारभार केलेला असतो, आणि हा परका शब्द टाकून 'मुदत' हा शुद्ध मराठी शब्द वापरला पाहिजे, अशी त्यातली तीन विधाने आहेत. यातले एकही तपासाला टिकत नाही.

पहिले विधान लवकर निकालात निघते. हा शब्द हद्द किंवा सीमा या अर्थाच्या 'टर्मिनस' या लॅटिन शब्दापासून आला. रेल्वेच्या शेवटच्या स्थानकालाही आपण तेच नाव देतो. जिला शेवट ठरवून दिला आहे ती टर्म, आणि तो शेवट किती लांब हे शब्द सांगत नाही, कायदा सांगतो. सरपंचाची टर्म पाच वर्षांची, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची अडीच वर्षांची, विधान परिषदेच्या सदस्याची सहा वर्षांची. शाळेतली पहिली टर्म तर दिवाळीच्या सुट्टीपाशीच संपते. लोकसभा आणि विधानसभांची पाच वर्षेही अढळ नव्हती: १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ती सहा केली, १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने पुन्हा पाच केली, आणि मधल्या काळात १९७२ साली निवडलेली महाराष्ट्राची विधानसभा १९७८पर्यंत चालली.

खरी गफलत दुसऱ्या विधानात आहे. टर्म सभागृहाची किंवा पदाची असते. माणूस प्रत्यक्ष जितके दिवस खुर्चीवर बसला तो त्याचा कार्यकाळ, ज्याला इंग्रजीत 'टेन्युअर' म्हणतात. मुख्यमंत्र्याला तर राज्यघटनेने ठराविक मुदत दिलेलीच नाही. विधानसभेला पाच वर्षे आहेत, पण मंत्री अनुच्छेद १६४प्रमाणे राज्यपालांची मर्जी असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात बहुमत आणि पक्षश्रेष्ठी पाठीशी असेपर्यंत, पदावर राहतो. हे मराठवाड्याला कोणी वेगळे सांगायला नको. शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८ असे दोनदा मुख्यमंत्री झाले. दोन्ही मिळूनही पाच वर्षे भरत नाहीत. शिवाजीराव पाटील निलंगेकरांना वर्षही पुरे मिळाले नाही. विलासराव देशमुख १९९९ ते २००३ आणि २००४ ते २००८ असे सात वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते, तरी सलग पाच वर्षे एकदाही नव्हते. अशोक चव्हाणांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे: डिसेंबर २००८ ते नोव्हेंबर २०१० एवढ्या अवधीत मध्येच २००९ची निवडणूक आली, म्हणून दोन वर्षांहून कमी कार्यकाळ दोन विधानसभांमध्ये विभागला गेला. फिरत्या मजकुराच्या हिशेबाने ती दहा वर्षे धरावी लागतील.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फलक या बाबतीत जास्त नेमका आहे. त्यावर अनुक्रमांक, सरपंचाचे नाव आणि 'पासून–पर्यंत' एवढेच रकाने आहेत, आणि पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या एका सरपंचापुढे जेमतेम चौदा महिने भरतात, कारण त्याच्या वाट्याला आधीच्याची उरलेली टर्मच आली होती.

राहिला शुद्धतेचा मुद्दा. 'मुदत' मुळात अरबी शब्द आहे आणि फारसीमार्गे मराठीत रुळला आहे. ज्या भागात १९४८पर्यंत निजामाचे दफ्तर उर्दूत चालले, तिथे तो शुद्ध मराठी म्हणून मिरवावा याची गंमत वाटते. तो मीही रोज वापरतो आणि त्यात काही गैर नाही. पण मग 'टर्म'लाच परकी का ठरवायचे? आपण 'पहिली टर्म', 'उरलेली टर्म' असे म्हणतो, म्हणजे मुदतीसारखीच तीही मराठीत स्त्रीलिंगी होऊन केव्हाच नांदू लागली आहे. आणि कायद्याच्या मराठीत नेमका शब्द हवाच असेल, तर त्यासाठी 'पदावधी' आधीपासून आहे.