‘अजून खोल जा, पाणी लागेल’: नाशिकचा खडक तसं सांगत नाही

निफाड, चांदवड, येवला, सिन्नरकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात, 300 फुटांवर लागलं नाही तर 800 फूट जा. जिल्ह्यात एवढी धरणं असताना भूजलाची चिंता कशाला? ठिबक आणि शेततळं केलं की शेतकऱ्याचं काम संपलं. आणि भूजल मोजण्याची भाषा म्हणजे उद्या विहिरीवर मीटर लावून पट्टी वसूल करायचा डाव. मेसेज पुढे पाठवणारे आपलेच भाऊबंद आहेत आणि त्यांची चीड खरी आहे. पण या भरवशावर कुणी बोअरची गाडी बोलावली तर त्याचे पैसे मातीत जातील, म्हणून मुद्द्यांना उत्तर द्यायलाच हवं.

आधी त्या नद्यांचं बघू. आपल्याकडे विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा, तो थर तोंडपाठ सांगेल: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (छिद्रं असलेला मऊसर खडक), मग काळा पाषाण, मध्येच कुठे गेरूचा तांबडा पट्टा. हा सगळा लाव्हाचा खडक. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि भेगांमध्ये. अखंड काळ्या पाषाणात पाण्याला जागाच नाही. भूजलाच्या हिशोबात असा खडक पंपाला देऊ शकेल ते पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे एका एकराखालचा एक फूट जाडीचा थर पूर्ण उपसला तर हाती येतं जेमतेम 25,000 लिटर.

आता वरून किती येतं? इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण येवला, नांदगावकडे तो पाचशेच्या घरात. पाचशे मिलिमीटर म्हणजे एकरी 20 लाख लिटर. त्यातला दहावा हिस्सा मुरतो असं धरलं तर 2 लाख लिटर. उन्हाळ कांद्याची गरज चारशे मिलिमीटर धरली, तरी एकराला 16 लाख लिटर लागतात. एका एकराचा कांदा आठ एकरांत मुरलेलं पाणी पितो. बाकीचे सात एकर कुणाचे आहेत, हा प्रश्न त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

खोल बोअरला पाणी लागतच नाही असं मी म्हणणार नाही. खाली भेगा असतात, एखादी सापडते, आणि पहिल्या वर्षी पाणी धो धो येतं. पण इतक्या खाली पावसाचं पाणी पोचतं फार सावकाश, त्यामुळे एकदा उपसलेलं दरवर्षी भरून निघेलच असं नाही. दुसरं नुकसान दिसत नाही. केसिंग पाइप घालतात तो फक्त वरच्या मुरमापुरता. त्याखालचं भोक उघडंच राहतं, आणि वरच्या मांजऱ्यातलं पाणी, ज्यावर शेजाऱ्याची विहीर चालते, त्या भोकातून खाली झिरपू शकतं. विहिरीत आडवे बोअर मारल्यावरही तेच होतं: पाणी वाढत नाही, बांधापलीकडचं अलीकडे येतं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरींवर शेतीसाठी बंधन घातलं आहे. जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून खडक बदलत नाही.

धरणांचा मुद्दा छोटा आहे. धरणाचं पाणी कालव्याखालच्या शिवारालाच मिळतं. बाकी शेती विहिरीवर आणि बोअरवर. राज्यात उपसल्या जाणाऱ्या भूजलातलं 90 टक्क्यांहून अधिक सिंचनाला जातं, तेव्हा बचतही मुख्यतः शेतातच होऊ शकते.

ठिबकवर मात्र नीट बोललं पाहिजे, कारण इथे मेसेज अर्धा खरा आहे. ठिबकने पाणी मुळाशी जातं, तण कमी येतं, खत वाया जात नाही. पण पाटाने भरताना जास्तीचं जे पाणी मुरायचं, त्यातलं काही परत विहिरीलाच मिळायचं. ठिबकवर ते थांबतं. आणि वाचलेल्या पाण्यावर दोन एकर बाग वाढवली तर एकूण उपसा कमी होत नाही, कधीकधी वाढतोच. पाणी वाचतं ते मोटर कमी तास चालली तर.

ती मात्र चालते लाइटीच्या वेळेवर. लाइट बऱ्याचदा येते रात्री, लाइट येताच मोटर सुरू करणारा ऑटो स्टार्टर लावलेला असतो, 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे. मोटर बंद करायला रात्री उठणार कोण? एकदा पाइपाखाली 200 लिटरचा ड्रम ठेवून घड्याळ लावा. चाळीस सेकंदांत भरला तर तासाला 18,000 लिटर झाले आणि आठ तासांच्या रात्रीत 1 लाख 44 हजार. वरच्या हिशोबाने एका एकराखालचा सहा फुटांचा थर एका रात्रीत बाहेर.

आणि पिकाला एवढं हवं असतं का? द्राक्षाच्या उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात द्राक्षाची सूक्ष्मघडनिर्मिती होते, म्हणजे पुढच्या हंगामाचा घड डोळ्यात तयार होतो. तेव्हा पाणी आणि नत्र जास्त झालं की शेंडा पळतो आणि डोळ्यात घड कमी धरतो. हे दिवस येतात साधारण मे-जूनमध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असताना. म्हणजे पाणी वाचवणं आणि घड मिळवणं एकाच कामात होतं. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर फूट-दीड फूट खणून माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा, म्हणजे पुरेसा ओलावा आहे, आज पाणी नको. मातीतला ओलावा दाखवणारा टेन्शिओमीटर असेल तर उत्तमच.

शेततळ्याचं म्हणाल तर पावसाचं वाहतं पाणी अडवून भरलेलं शेततळं चांगलंच. पण अनेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं विहिरीच्या पाण्याने भरतात. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं तर ते 7,200 लिटर होतं. खडकात सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवलं, इतकंच घडलं.

राहिली मीटरची भीती. मोजमाप शेतकऱ्याविरुद्धच असतं, हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं, कारण त्याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी पाणी वापर संस्था मोजून घेतात आणि मोजूनच सभासदांना देतात. ओझरला समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या पुढाकाराने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम उभं राहिलं. बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून तिथल्या विहिरी भरल्या. मोजल्यामुळेच कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला आपला हिस्सा मागता आला.

राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. तसली विहीर तुमच्या शिवारात असेलच असं नाही. तेव्हा गावाने आपल्याच आठ-दहा विहिरी निवडाव्यात, ऑक्टोबरअखेर गाठी मारलेली दोरी सोडावी, आणि पातळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहावी. उन्हाळ कांद्याची रोपं टाकायच्या आत तो आकडा समोर असला, तर यंदा बी किती पायल्या टाकायचं हे ठरवता येतं.