सॉफ्टबॉल ऑगस्टमध्येच का म्हणून?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हायस्कूलच्या मुलींनी फास्टपिच सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच खेळ, बॉल खालून पण वेगानं फेकायचा) ऑगस्टच्या उन्हात का खेळायचा, हे मला कोणीतरी एकदा शांतपणे समजावून सांगा. शांतपणे अशासाठी, की मी स्वतः आता शांत राहिलेले नाही.

शेजारच्या फ्लोरिडात सॉफ्टबॉल स्प्रिंगमध्ये, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपासून पुढे. अलाबामात स्प्रिंगमध्ये. टेनेसी, दोन्ही कॅरोलिना, सगळीकडे स्प्रिंग. टेक्सस आणि कॅलिफोर्नियातही तेच. म्हणजे आमच्या राज्याच्या ज्या सीमेवर जाऊन उभं राहाल, तिच्या पलीकडच्या पोरी स्प्रिंगमध्ये खेळतात. जॉर्जियाची राज्य स्पर्धा गेली बरीच वर्षं कोलंबसला होतेय. त्या गावाच्या कडेनं चॅटाहूची नदी वाहते आणि पुलापलीकडे फीनिक्स सिटी, अलाबामा. पूल चालत ओलांडता येतो. अलीकडच्या पोरींचा सीझन फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टपासून पुढच्या महिन्यांत, संपूनही गेलेला असतो, तेव्हा पलीकडच्यांना अजून फेब्रुवारी उजाडायचा असतो. ऊन तेच, पाऊस तोच, तांबडी मातीही तीच. नदी ओलांडली की असं काय बदलतं?

फॉल म्हटलं की भारतातल्या लोकांना रंगीत पानं आणि गुलाबी थंडी आठवते. ते व्हर्मॉन्टला. अटलांटाच्या आसपास ऑगस्टमध्ये फॉल हा शब्द कॅलेंडरवर छापण्यापुरता असतो. दुपारी साडेचारला मैदानावर पाय ठेवलात की घाम फुटायलाही वेळ लागत नाही. बसायला अ‍ॅल्युमिनियमच्या पायऱ्या, त्यांच्यावर टॉवेल अंथरल्याशिवाय टेकता येत नाही. आम्ही निदान टॉवेलवर तरी बसतो. माझी लेक कॅचर आहे, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे बसून बॉल झेलणारी. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, छातीवर जाड गादीसारखा पॅड, गुडघ्यापासून पावलापर्यंत गार्ड, आणि या सगळ्या सरंजामात उकिडवं बसायचं. एका बॉलला बसायचं, उठायचं, परत बसायचं, सात इनिंग्ज. इनिंग संपवून डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, आली की काळ्या पॅडवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. लोणच्यातल्या काकडीचं खारं पाणी पितात इथल्या मुली, पायात गोळे येऊ नयेत म्हणून. मी लिंबू-साखर-मिठाचं पाणी करून नेते, तेही पितात बिचाऱ्या, मागून मागून.

मैदानाच्या कडेला ट्रेनर एका तिपाईवर यंत्र लावून ठेवतो, त्याला एक काळा गोळा असतो. ऊन, दमटपणा, वारा असं सगळं मिळून एक आकडा देतं ते. तो ९२ फॅरेनहाइटच्या वर गेला की बाहेरचा सराव बंद, असा राज्यातल्या शाळांचा नियम आहे. २०१२ पासूनचा. चांगला नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो आला कशामुळे, तर फुटबॉलच्या (इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) सरावात उष्माघातानं मुलं दगावली म्हणून. म्हणजे या राज्यात ऑगस्टचं ऊन जीव घेतं हे अधिकृतपणे मान्य आहे, त्यावर यंत्र आहे, तक्ता आहे, फॉर्मवर पालकांची सही आहे. आणि हे सगळं मान्य करून पुन्हा मुलींचा सीझन ऑगस्टमध्येच. जो खेळ आरामात मार्चमध्ये बसू शकतो, तो!

उन्हातून वाचलात तर वीज आहेच. ऑगस्टमध्ये संध्याकाळी ढग यायचेच. गडगडलं की मैदान रिकामं करून ३० मिनिटं थांबायचं, आणि त्या ३० मिनिटांत पुन्हा गडगडलं की घड्याळ परत शून्यापासून. आम्ही आपले पार्किंगमध्ये गाड्यांत एसी लावून बसलेलो, पोरी डगआउट सोडून शाळेच्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर पसरलेल्या. तिथे त्या केमिस्ट्रीचं होमवर्क करतात असं कोचचं म्हणणं आहे. कोच भला माणूस आहे, त्याला काहीही खरं वाटतं. मग रात्री लाइटच्या उजेडात सामना पूर्ण होतो, घरी येऊन आंघोळ, जेवण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा ही आहेच.

आता घरचं सांगते. इथे शाळा मेअखेर सुटते. आमच्यासारख्यांना भारतात जायला तेवढेच दोन महिने. पण ट्रायआउट्स, म्हणजे टीमची निवड चाचणी, जुलै संपायच्या आत. त्याच्या आधी कंडिशनिंग, म्हणजे अंग तयार करायचा व्यायाम, जो ‘ऐच्छिक’ असतो. ऐच्छिक म्हणजे काय ते ज्यांची मुलं इथल्या शाळेच्या टीममध्ये आहेत त्यांना विचारा. हजेरी घेत नाहीत, फक्त कोण आलं नाही ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्यामुळे जुलैच्या मध्यालाच गाशा गुंडाळून परत. आजी-आजोबा म्हणतात, आत्ता तर आलात. नववीत जाणाऱ्या पोरीची तर आणखी गंमत. नव्या शाळेत आपला वर्ग कुठल्या मजल्यावर आहे हे कळायच्या आत, आपल्याला टीममध्ये घेतलंय की नाही हे तिला कळलेलं असतं.

मग गणपती. गणपती नेमके सीझनच्या ऐन भरात. नवरात्रातही सामने. दिवाळीच्या तोंडावर प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्या. सण इथल्या लोकांनी आपल्यासाठी सांभाळावेत असं माझं म्हणणं नाही, नोकरीपायी आम्ही आलोय, त्यांनी बोलावलं नव्हतं. पण गुढीपाडवा सोडला तर स्प्रिंग आमच्याकडे तसा मोकळा असतो, एवढंच सुचवते. आरतीला लेक येते ती मळलेल्या पॅंटमध्ये, गुडघ्याला लाल माती लागलेली, आणि मंडळातल्या काकू मला विचारतात, “अगं, मुलीला हे काय खेळायला घातलंयस?” त्यांच्याशी भांडायचं त्राण नसतं. ते सगळं मी इथे काढतेय.

बरं, ऊन-पाऊस-सण सगळं बाजूला ठेवू. खेळाचंच बोलू. चांगल्या खेळणाऱ्या मुली उन्हाळाभर ट्रॅव्हल टीमकडून, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लबकडून, खेळतात. शनिवार-रविवार स्पर्धा, एका दिवसात तीन-तीन, चार-चार सामने. तो सीझन जुलैअखेर संपतो आणि शाळेचा लगेच सुरू. मधे विश्रांती नाही. कॅचरचं एक वेळ चालतं, पण पिचरचं, म्हणजे बॉल फेकणारीचं, बघा. ४३ फुटांवरून हात पूर्ण गोल फिरवून फेकायचं, आणि चांगली पिचर टीममध्ये असते एखादीच, म्हणून तीच परत परत. हायस्कूल बेसबॉलमध्ये मुलांनी किती बॉल फेकायचे याची मर्यादा प्रत्येक राज्यानं ठरवलीच पाहिजे, असा राष्ट्रीय नियम २०१७ पासून आहे. सॉफ्टबॉलच्या पिचरसाठी असा राष्ट्रीय नियम नाही. खालून फेकलेल्या बॉलनं खांदा दुखत नाही, अशी एक जुनी समजूत आहे. त्या समजुतीला आमच्या टीममधल्या पिचरचा खांदा दाखवावा म्हणते, बर्फाची पिशवी प्लॅस्टिकच्या फिल्मनं गुंडाळून बांधलेला.

कॉलेजचा सॉफ्टबॉल फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनच्या सुरुवातीला ओक्लाहोमा सिटीत वर्ल्ड सिरीजनं संपतो. टीव्हीवर जे दिसतं ते तेच, मुलींच्या खोलीत ज्यांची पोस्टर्स लागतात त्या खेळाडू तिथल्याच. आणि विनोद बघा, खुद्द ओक्लाहोमाच्या शाळा फास्टपिच फॉलमध्ये खेळतात, स्प्रिंगमध्ये स्लोपिच, म्हणजे हळू बॉल टाकायचा प्रकार! नेब्रास्का फॉल, कोलोरॅडो फॉल, मिझुरीत बहुतेक शाळा फॉल आणि काही स्प्रिंग, आयोवात तर भर उन्हाळ्यात, जुलैत राज्य स्पर्धा. आयोवाला मी दोष देत नाही, कारण तिथे मुलांचा बेसबॉलही उन्हाळ्यातच असतो. भाजायचंच तर दोघांनाही सारखं भाजतात.

जॉर्जियात बेसबॉल कधी असतो? बरोबर ओळखलंत. स्प्रिंगमध्ये.

पालकांच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, मैदानं. अहो, आमच्या शाळेत सॉफ्टबॉलचं मैदान वेगळं, बेसबॉलचं वेगळं, दोघांच्या बेसमधलं अंतरही वेगळं. मार्चमध्ये सॉफ्टबॉलच्या मैदानावर गवत वाढत असतं आणि कुंपणावर फॉलच्या सीझनचे जाहिरातींचे बॅनर फडफडत असतात. दुसरं, अंपायर मिळत नाहीत. मान्य, अंपायरांची टंचाई आहे, पण मग ती दरवेळी एकाच बाजूनं का सोसायची? तिसरं, स्प्रिंगमध्ये पोलन असतं. हो, पाइनच्या झाडांची पिवळी धूळ गाड्यांवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी साचते. मुलगे त्या धुळीत खेळतातच ना? त्यांची नाकं काय वेगळी घडवलीत?

एक बाबा तर उठून म्हणाले, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा सामने आपल्या कोलंबसलाच गोल्डन पार्कवर झाले, तेही जुलैत, आणि अमेरिकेच्या बायकांनी चीनला ३-१ नं हरवून सुवर्ण घेतलं. तेव्हा कोणाला ऊन लागलं नाही! काय बोलणार यावर? त्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडू होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अल्जिब्राचा पेपर नव्हता.

हेच सगळं मिशिगनमध्ये घडून गेलंय. तिथे मुलींचं बास्केटबॉल फॉलमध्ये आणि व्हॉलिबॉल हिवाळ्यात, बाकी देशाच्या बरोबर उलट. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेचं उत्तर हेच: मैदानं, कोच, सोय. १९९८ मध्ये पालक कोर्टात गेले. २००१ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की हा भेदभाव आहे. गैरसोय वाटून घ्यायची असेल तर ती सगळी मुलींच्याच वाट्याला का, हा तिथला खरा प्रश्न होता. अपिलं चालत राहिली आणि २००७-०८ च्या शालेय वर्षात अखेर सीझन बदलले. खटला घातला तेव्हा हायस्कूलमध्ये असलेल्या पोरी तोवर नोकरीला लागल्या असतील. आमचं प्रकरण अगदी तेच नाही हे मला कळतं. मुलांचा सॉफ्टबॉल नसतो, त्यामुळे वकील म्हणतील तुलना कशाशी करायची. पण शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याबद्दल शाळेच्या भिंतीवर मोठा फलक लावायचा आणि वेळापत्रक मात्र मुलांचं आधी बसवून उरलेल्या जागेत मुलींना सरकवायचं, याला वकील लागत नाही, डोळे पुरतात.

एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही. स्प्रिंगमध्ये मुलींचं सॉकर आहे, लॅक्रॉस आहे, टेनिस आहे, ट्रॅक आहे. दक्षिण जॉर्जियातल्या लहान शाळेत त्याच दहा-बारा मुली फॉलमध्ये सॉफ्टबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि स्प्रिंगमध्ये सॉकर किंवा ट्रॅक खेळतात. सॉफ्टबॉल हलवला तर एखाद्या शाळेची सॉकर टीमच उभी राहणार नाही. हा विचार व्हायला हवा. पण मग आत्ता व्हॉलिबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही फॉलमध्ये आहेत, उंच, चपळ, चांगल्या हाताच्या मुलींची रस्सीखेच आत्ताही चालते, त्याचं काय? त्याबद्दल कोणी हळहळताना दिसत नाही. आणि मिझुरीसारखं लहान शाळांना वेगळा पर्याय देता येतो की.

खरी मेख शुक्रवारी रात्री कळते. फॉल म्हणजे फुटबॉल. बॅंड तिकडे, चिअरलीडर तिकडे, प्रिन्सिपॉल तिकडे, सकाळच्या अनाउन्समेंटमध्ये पहिली तीन वाक्यं तिकडची. आमच्या सामन्याला पायऱ्यांवर आई-बाबा, एखादी आजी आणि कोणाचा तरी कुत्रा. मुली रीजनमध्ये, म्हणजे आमच्या विभागातल्या शाळांमध्ये, पहिल्या आल्या त्या आठवड्यात फुटबॉलची टीम सपाटून हरली होती, तरी आठवडाभर चर्चा त्यांच्याच पराभवाची.

आणि मला कोणी ‘आपल्याकडे बरं असतं’ असं सांगू नका. महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल मी जवळून पाहिलाय. तालुका, जिल्हा, विभाग अशा स्पर्धा ऐन पावसाळ्यात सुरू, मैदानावर चिखल, बेसच्या जागी पोतं, आणि क्रीडाशिक्षक छत्री धरून अंपायरिंग करतायत. तिथे निदान मुलगे आणि मुली एकाच चिखलात असतात.

परवा पुन्हा विचारलं तर उत्तर आलं की पुढच्या वर्षीचं कॅलेंडर ठरलंय, सूचना असतील तर लेखी द्या. दिली. फार काही लिहिलं नाही: एक वर्ष बेसबॉल ऑगस्टमध्ये खेळवून बघा, पोरांचे मुखवटे आणि पॅड आम्ही धुवून देऊ.