एलएसटीएम का विसरतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एलएसटीएम म्हणजे मालिका पायरीपायरीने वाचून मागचं लक्षात ठेवणारं न्यूरल जाळं. ग्रेडियंट म्हणजे चूक कमी करायला काय बदलायचं हे मागच्या पायऱ्यांपर्यंत नेणारा संकेत, आणि क्लिपिंग म्हणजे त्याला कमाल मर्यादा घालणं. तुमचा आक्षेप असा: ‘एलएसटीएममुळे ग्रेडियंट विरून जाण्याचा प्रश्न मिटतो असं तुम्ही लिहिलंत. मी १००० पायऱ्यांची मालिका दिली, क्लिपिंगही लावलं, तरी सुरुवातीची खूण जाळ्याला आठवत नाही.’

आक्षेप रास्त आहे. ‘मिटतो’ हा शब्द माझा चुकला. होखरायटर आणि श्मिडहुबर यांच्या १९९७ च्या मूळ रचनेत सेलची स्थिती (जाळ्याची स्मृती) १ ने गुणून, म्हणजे जशीच्या तशी पुढे जायची. फर्गेट गेट, म्हणजे दर पायरीला स्मृतीचा किती हिस्सा ठेवायचा ते ठरवणारा ० ते १ मधला आकडा, नंतर आलं, आणि गळती तिथेच आहे. गेटचा बायस (त्याच्या हिशेबात मिळवला जाणारा आकडा) शून्य असेल तर प्रशिक्षणाच्या सुरुवातीला गेट ०.५ च्या आसपास असतं. २० पायऱ्यांत खुणेचा जेमतेम दहा लाखावा हिस्सा उरतो. बायस ५ केला तर गेट ०.९९३, तरीही १००० पायऱ्यांनंतर उरतात ०.००१२. ६.९ ला मात्र ०.३७ शिल्लक राहतात. तो आकडा सगळ्या युनिटना (स्मृतीच्या कप्प्यांना) देऊ नका, १ ते ६.९ असा पसरवा, नाहीतर जवळचे बदल टिपायला कोणी उरत नाही. इनपुट गेटला (नवी माहिती किती आत घ्यायची ते ठरवणाऱ्या) तेवढाच उणे बायस द्या. पायटॉर्च या लायब्ररीत दोन बायस असतात आणि त्यांची बेरीज होते, म्हणून एकात आकडा भरा, दुसऱ्यात शून्य. फर्गेट गेटचा भाग म्हणजे त्या बायस व्हेक्टरचा (आकड्यांच्या यादीचा) दुसरा चतुर्थांश.

पण हे सगळं नंतर. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये दर १०० पायऱ्यांनी डिटॅच आहे, म्हणजे ग्रेडियंटची साखळी तिथे तोडली आहे. स्थिती पुढे जाते, ग्रेडियंट मागे येत नाही. मग पहिल्या पायरीची खूण जपायला जाळं शिकणार कुठून? (क्लिपिंग हे ग्रेडियंट फुगण्यावरचं औषध, इथे ते निरुपयोगी.) खात्री करायची तर फक्त शेवटच्या आउटपुटवरून बॅकवर्ड (ग्रेडियंट मागे नेणारी आज्ञा) चालवा आणि प्रत्येक पायरीच्या इनपुटवरचा ग्रेडियंट लॉग मोजपट्टीवर काढा. रेघ हळूहळू उतरली तर दोष गेटचा, शेवटून १०० व्या पायरीला कडा तुटल्यासारखी पडली तर डिटॅचचा.

‘त्यापेक्षा कॉन्व्होल्यूशन बरं’ (म्हणजे मालिकेवर सरकती खिडकी फिरवणारं जाळं) हे तुमचं म्हणणं या कामापुरतं मलाही पटतं. कर्नल (खिडकीत किती पायऱ्या) ३, डायलेशन (त्या पायऱ्यांमधलं अंतर) १ पासून दुप्पट करत ९ थर: १०२३ पायऱ्या नजरेत येतात. पॅडिंग (कडेला भरलेली शून्यं) मात्र फक्त डावीकडे, डायलेशनच्या दुप्पट. दोन्ही बाजूंना दिलंत तर जाळं भविष्य बघून उत्तर देईल आणि चाचणीतले आकडे उगाच छान दिसतील.