त्या १३९ सेकंदांवरून तेन्शिनला मोजू नका

कराटे शिकणाऱ्यांच्या आणि पालकांच्या गटांमध्ये एक जुना व्हिडिओ पुन्हा फिरतोय. कोवळ्या वयाचा एक जपानी मुलगा रिंगमध्ये तीनदा पडतो आणि शेवटी ओक्साबोक्शी रडतो. खाली मजकूर असा : ‘जपानचा अजिंक्य कराटेपटू निवृत्त बॉक्सरसमोर अडीच मिनिटंही टिकला नाही. त्याचे आधीचे विजय निवडून आणलेल्या कच्च्या खेळाडूंवरचे होते. कराटे खऱ्या रिंगमध्ये चालत नाही. पुढे बॉक्सिंगमध्ये गेला, तिथेही हरला.’

माझ्याकडे कराटे शिकणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी तो मला पाठवला आणि विचारलं, “सर, पोराला सरळ बॉक्सिंगलाच घालू का?” जरूर घाला, पण या मजकुरावर विसंबून नको.

व्हिडिओतला मुलगा म्हणजे तेन्शिन नासुकावा, कराटेतून किकबॉक्सिंगमध्ये आलेला जपानी लढवय्या. ३१ डिसेंबर २०१८, सैतामा सुपर अरेना. समोर अमेरिकी बॉक्सर फ्लॉइड मेवेदर. तेन्शिन २० वर्षांचा, मेवेदर ४१ वर्षांचा आणि ५० पैकी ५० लढती जिंकलेला. तेन्शिन तीनदा पडला, २ मिनिटं १९ सेकंदांनी त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. इथपर्यंत सगळं खरं.

मजकुरात जे नाही ते असं. ही प्रदर्शनीय लढत होती, निकाल कुणाच्याही विक्रमात धरायचा नाही असं आधीच ठरलेलं. नियम बॉक्सिंगचे, म्हणजे लाथ मारायला मनाई. तेन्शिनची त्या काळातली नेहमीची लढत ५५ ते ५७ किलोंच्या आसपासची. मेवेदर वर्षानुवर्षं वेल्टरवेटमध्ये, ६६ किलोंच्या वर लढलेला. वजनगट उगाच नसतात, हे ज्याने एकदा तरी आपल्यापेक्षा जड माणसाचा ठोसा झेललाय त्याला सांगावं लागत नाही.

पण वजनापेक्षा मला नियमांचा मुद्दा मोठा वाटतो. किकबॉक्सर पुढचा पाय हलका ठेवतो, कारण मांडीवर येणारी लाथ अडवायला तो क्षणात उचलावा लागतो. डोकं फार खाली नेत नाही, कारण खाली गुडघा वाट पाहत असतो. लाथ मारायचीच नाही म्हटल्यावर बॉक्सर पुढच्या पायावर बिनधास्त भार टाकतो, वाकतो, जवळ घुसतो. म्हणजे तेन्शिनने लहानपणापासून अंगात मुरवलेलं अंतर आणि उभं राहण्याची पद्धत त्या रात्री त्याच्याच विरुद्ध गेली. मेवेदरला लाथांच्या नियमांत उतरवलं असतं तर काय झालं असतं, हे मी सांगणार नाही. पण त्या लढतीवरून कराटेची परीक्षा झाली असं म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला धावण्याच्या शर्यतीत हरवून ‘याला पोहता येत नाही’ म्हणण्यासारखं आहे.

आता ‘कच्चे खेळाडू’. तेन्शिन जुलै २०१४ मध्ये, १५ वर्षांचा असताना व्यावसायिक झाला. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्यासमोर वांचालोंग आला, बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियमचा विजेता. मुए थाईत, म्हणजे थायलंडच्या लाथा-ठोशांच्या खेळात, त्याहून मोठी पावती क्वचितच असते. तेन्शिनने त्याला पहिल्याच राउंडमध्ये, पाठीमागून फिरून पोटात मारलेल्या लाथेने झोपवलं. ही लाथ आमच्या वर्गात पोरं घामाघूम होईपर्यंत घोटतात ती उशिरो गेरी, फक्त गिरकी घेऊन मारलेली. जून २०१८ मध्ये थायलंडच्या रॉडतांगविरुद्ध जादा राउंड खेळावा लागला, मग निकाल तेन्शिनच्या बाजूने गेला. ती लढत रॉडतांगने जिंकली होती असं मानणारे बरेच आहेत आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. पण रॉडतांगसारखा माणूस कुणी ‘कच्चा’ म्हणून निवडत नाही.

आणि ताकेरू! के-वन या जपानी किकबॉक्सिंग संघटनेच्या तीन वजनगटांतला विजेता. दोघांच्या संघटना वेगळ्या, म्हणून लोक ही लढत कित्येक वर्षं मागत राहिले. अखेर १९ जून २०२२ रोजी टोकियो डोममध्ये ती झाली. फुजी टीव्हीने ऐनवेळी थेट प्रक्षेपणातून अंग काढून घेतलं, तरी ५६,३९९ लोक डोममध्ये आले. पहिल्या राउंडच्या शेवटी शेवटी तेन्शिनच्या डाव्या हुकने ताकेरू खाली गेला. तीन राउंडनंतर पाचही परीक्षकांनी तेन्शिनला कौल दिला. किकबॉक्सिंगमधून तो बाहेर पडला तेव्हा हिशेब होता ४२ लढती, ४२ विजय.

तेन्शिनने पाचव्या वर्षी क्योकुशिन कराटेत, म्हणजे पूर्ण ताकदीने लढायच्या शैलीत, पाऊल टाकलं. ताकेरूचीही सुरुवात लहानपणी कराटेतूनच झाली. कराटे रिंगमध्ये चालत नसेल, तर तो डोम कुणी भरला?

मुळात किकबॉक्सिंग हा खेळच जपानमध्ये कराटे आणि मुए थाईच्या टकरीतून घडला. फेब्रुवारी १९६४ मध्ये क्योकुशिनचे तिघे बँकॉकला जाऊन थाई लढवय्यांशी लढले. दोघे जिंकले, केन्जी कुरोसाकी हरले. कराटेत तयार झालेल्या माणसाला तिथे काय कमी पडतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर शिकून घेतलं. पुढे त्यांनी मेजिरो जिम उभी केली. त्यांचाच शिष्य तोशिओ फुजिवारा १९७८ मध्ये बँकॉकच्या राजदामनर्न स्टेडियमचा मुए थाई किताब जिंकणारा पहिला बिगरथाई ठरला. अॅमस्टरडॅमच्या मेजिरो जिमचं नावही तिथूनच गेलेलं. कराटेत उणिवा आहेत, त्या कुरोसाकींनी लपवल्या नाहीत, भरून काढल्या.

राहिला बॉक्सिंगमधला पराभव. तेन्शिन एप्रिल २०२३ मध्ये बॉक्सिंगमध्ये उतरला, पहिल्या सातही लढती जिंकला. त्यांत माजी विश्वविजेता जेसन मोलोनीही आहे. २४ नोव्हेंबर २०२५ रोजी डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेच्या बँटमवेट किताबासाठी ताकुमा इनोउएशी गाठ पडली. सुरुवातीचे राउंड तेन्शिनने चांगले काढले, मग ताकुमाने सूत्रं हातात घेतली आणि बारा राउंडनंतर तेन्शिन गुणांवर हरला. लहानपणापासून फक्त बॉक्सिंगच केलेल्या माणसासमोर, आठव्याच लढतीत, विश्वकिताबासाठी. सात वर्षं आधी मेवेदरसमोर जो पहिल्या राउंडमध्ये तीनदा पडला होता, तो याच खेळात आता बारा राउंड पायांवर उभा होता.

त्या वडिलांना मी वांचालोंगच्या लढतीचा व्हिडिओ पाठवला आहे. संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून बघा म्हटलं.